फ्लूची लस घ्यायची का? प्रश्न या क्रमाने सोडवा

फ्लूच्या लशीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तिचा उपयोग होतो का?" आणि विषय निघतोही बहुधा नको त्या वेळी, म्हणजे ओळखीतले दोन-चार जण तापाने आडवे झाल्यावर. तेव्हा कुणी "होतो" असं सांगितलं तरी लस घेतल्यावर शरीराला संरक्षण उभं करायला साधारण दोन आठवडे लागतात. तोवर साथ घरात येऊन गेलेली असते. मग "घेतली तरी आजारी पडलोच" अशी खूणगाठ बांधली जाते आणि पुढच्या वर्षीचा निर्णयही तिथेच लागतो.

उपयोगाचा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण त्याचा नंबर पाचवा. त्याआधी आजार कोणता, विचार कुणाकुणाचा करायचा, लस चालते का आणि धोका किती हे प्रश्न येतात. खालचा क्रम मुद्दाम असा लावला आहे. ज्यांना लस देता येत नाही त्यांचा वेळ वाया जाऊ नये आणि ज्यांना तिची सर्वांत जास्त गरज आहे त्यांना "मला काय होतंय" म्हणून सटकता येऊ नये, एवढाच हेतू.

## टप्पा १: आजार कोणता ते पक्कं करा

फ्लू हा इन्फ्लुएन्झा विषाणूमुळे होणारा आजार. प्रत्येक सर्दी-पडसं फ्लू नसतं. पडसं सहसा हळूहळू चढतं: आज घसा खवखवतो, उद्या नाक वाहतं, परवा खोकला. फ्लू बहुधा एकदम गाठतो. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी सणकून ताप, थंडी, अंगदुखी आणि कोरडा खोकला घेऊन पडलेला असतो. नुसत्या लक्षणांवरून खात्री देता येत नाही, त्यासाठी तपासणी लागते. पण हा फरक इथे सांगायचं कारण वेगळं आहे. ही लस फक्त इन्फ्लुएन्झाविरुद्ध काम करते. रायनोव्हायरस, आरएसव्ही, करोना आणि सर्दी आणणाऱ्या इतर विषाणूंशी तिचा संबंध नाही. वर्षभरात चारदा सर्दी झाली म्हणून लस फुकट गेली असा हिशेब मांडू नका. उलट्या-जुलाबांना काही जण "पोटाचा फ्लू" म्हणतात, तोही यात येत नाही.

नावांचा गोंधळ आणखी एका ठिकाणी होतो. लहान मुलांच्या लसीकरण कार्डावर "हिब" असं लिहिलेलं असतं. ही लस हिमोफिलस इन्फ्लुएन्झी टाइप बी नावाच्या जिवाणूविरुद्ध असते. नावात इन्फ्लुएन्झा आहे, पण फ्लूशी तिचं काही नातं नाही. "बाळाला फ्लूची लस झालीय" असं सांगणाऱ्या पालकांच्या कार्डावर प्रत्यक्षात हिबची नोंद निघते, तेव्हा गोंधळ कुठे झाला ते कळतं. न्युमोनियाची म्हणून ओळखली जाणारी न्युमोकोकल लससुद्धा वेगळी.

तपासा: कार्डावर "इन्फ्लुएन्झा" हा शब्द, तारीख आणि शक्यतो हंगामाचं वर्ष आहे का? नसेल तर या वर्षीची लस झालेली नाही असंच धरून पुढे चला.

## टप्पा २: कागदावर घरातल्या सगळ्यांची नावं लिहा

निर्णय एकट्याचा समजून घेतला जातो, पण फ्लू घर बघून येतो. म्हणून एका कागदावर सगळ्यांची नावं एकाखाली एक लिहा. रोज येऊन आजी-आजोबांची देखभाल करणारी व्यक्ती किंवा बाळ सांभाळणारी व्यक्ती असेल तर तिचंही नाव त्यात हवं. प्रत्येक नावापुढे एवढ्या गोष्टी लिहा:

- वय. सहा महिन्यांपेक्षा लहान बाळ असेल तर नावाभोवती गोल करा.
- जुने आजार: दमा, फुप्फुसाचे इतर आजार, हृदयविकार, मधुमेह, मूत्रपिंड किंवा यकृताचे आजार, मेंदू व मज्जासंस्थेचे आजार, कर्करोग, अतिलठ्ठपणा.
- गर्भारपण, किंवा येत्या काही महिन्यांत तशी शक्यता.
- चालू औषधं. स्टेरॉइड, केमोथेरपी, प्रत्यारोपणानंतरच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधं आणि मुलांना दीर्घकाळ दिली जाणारी ॲस्पिरिन यांची नावं न चुकता लिहा.
- याआधी कुठल्याही लशीनंतर काही गंभीर त्रास झाला होता का, आणि किती वेळाने.
- फ्लूची लस शेवटची कधी घेतली.

इथे एक चूक फार होते. बीपी किंवा मधुमेह औषधांनी आटोक्यात असेल तर माणूस स्वतःला "निरोगी" या रकान्यात टाकतो. शुगर छान आटोक्यात असली तरी फ्लूच्या हिशेबात तो माणूस मधुमेहीच. दम्याचंही तसंच. दोन वर्षांत पंप लागला नाही म्हणून दमा यादीतून खोडू नका. तो खोडायचा की नाही हे डॉक्टरांना ठरवू द्या.

## टप्पा ३: चालते का, हे आधी, हवी का, ते नंतर

आता प्रत्येक नावासाठी पहिली चाळण. लस देऊ नये अशी माणसं लोकांना वाटतात त्यापेक्षा बरीच कमी असतात.

इंजेक्शनची लस सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला देत नाहीत. पूर्वी फ्लूच्या लशीनंतर किंवा तिच्यातल्या एखाद्या घटकामुळे जीवघेणी ॲलर्जी झाली असेल, म्हणजे श्वास कोंडणं, चेहरा-घसा सुजणं, रक्तदाब कोसळणं असं काही, तर तीच लस पुन्हा घ्यायची नाही. दुसऱ्या प्रकारची चालेल का, ते तज्ज्ञ बघतात. पूर्वीच्या फ्लूच्या लशीनंतर सहा आठवड्यांच्या आत गियां-बारे सिंड्रोम झाला असेल, तर डॉक्टरांशी नीट बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच नसांवर उलटते आणि हातापायांतली ताकद जाते. लशीशी त्याचा संबंध दिसलाच, तर तो दहा लाख डोसांमागे एक-दोन जादा रुग्ण इतका आहे. आणि खुद्द फ्लूनंतरही हा आजार होऊ शकतो. ही दुसरी बाजू बहुतेक वेळा कुणी सांगत नाही.

अंड्याची ॲलर्जी हे जुनं भय. बऱ्याच लशी कोंबडीच्या अंड्यात विषाणू वाढवून बनतात आणि अंड्याच्या प्रथिनांचा अंश त्यात राहू शकतो. पण तो इतका अल्प असतो की अमेरिकेत २०२३-२४ च्या हंगामापासून अशा लोकांसाठी वेगळ्या खबरदारीची अटच काढून टाकली. काही देशांत मात्र अंड्यामुळे अतिदक्षता विभागात जाण्याची वेळ आलेल्यांना आधी तज्ज्ञांकडे पाठवतात. म्हणून ॲलर्जी असेल तर ती सांगा, पण स्वतःच स्वतःला नाकारू नका. अंडं न वापरता, पेशींमध्ये किंवा पुनर्संयोजित तंत्राने बनवलेल्या लशीही असतात.

आज ताप आहे? मध्यम किंवा जोराचा आजार असेल तर बरं होईपर्यंत थांबा. नाक वाहतंय, घसा जरा खवखवतोय, एवढ्यावर पुढे ढकलू नका. हंगामात कुणाचं नाक कोरडं असतं?

पुढच्या गोष्टींमुळे इंजेक्शन नाकारलं जात नाही, तरी लोक मागे फिरतात: गर्भारपण (कुठलाही महिना), स्तनपान, मधुमेह, बीपी, प्रतिजैविकांचा चालू कोर्स, मागच्या वेळी दंड दुखणं किंवा एक दिवस कणकण येणं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर बारीक सुईने टोचून ती जागा न चोळता दोन मिनिटं घट्ट दाबून धरतात. गोळी स्वतःहून बंद करून जाणं हे लशीपेक्षा कितीतरी धोक्याचं.

सावधान: केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारे उपचार सुरू होणार असतील तर तारीख उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडूनच घ्या. शक्य असेल तेव्हा उपचारांच्या किमान दोन आठवडे आधी लस दिली जाते, कारण नंतर शरीर तिला पुरेसा प्रतिसाद देत नाही. अशांना इंजेक्शनची लस धोकादायक नसते, तिचा परिणाम मात्र कमी पडू शकतो.

## टप्पा ४: धोका मोजा, आधी स्वतःचा, मग ज्याच्यापर्यंत तुम्ही फ्लू नेऊ शकता त्याचा

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे १०० कोटी लोकांना हंगामी फ्लू होतो. त्यांतल्या ३० ते ५० लाखांचा आजार गंभीर होतो आणि श्वसनाच्या कारणांनी २,९०,००० ते ६,५०,००० मृत्यू होतात. म्हणजे बहुतेक माणसं आठवडाभर पडून उठतात आणि थोड्यांच्या जिवावर बेततं. अख्खा निर्णय या "थोड्यां"भोवती फिरतो. ते कोण, हे बऱ्यापैकी ठाऊक आहे: पाच वर्षांखालची मुलं, त्यातही दोन वर्षांखालची, गर्भवती, ६५ च्या पुढचे, टप्पा २ मधले जुने आजार असलेले, आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले.

फ्लू केवळ फुप्फुसांपुरता राहत नाही, हे हृदयविकार असलेल्यांनी खास लक्षात घ्यावं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात, तपासणीतून फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण एरवीच्या सुमारे सहापट आढळलं. मधुमेहींची शुगर तापात बिघडते, दमेकऱ्यांचा दमा उसळतो, आणि फ्लूने फुप्फुसं कमजोर केल्यावर मागून जिवाणूंचा न्युमोनिया येतो. मृत्यूच्या दाखल्यावर मग "फ्लू" हा शब्द नसतोही.

आता कागदावर गोल केलेल्या बाळाकडे या. त्याला लस देता येत नाही. त्याचं संरक्षण दोनच वाटांनी होतं. एक म्हणजे आईने गरोदरपणी घेतलेली लस. तिची प्रतिपिंडं नाळेतून बाळाला मिळतात आणि जन्मानंतरचे पहिले काही महिने उपयोगी पडतात. दुसरी वाट म्हणजे बाळाभोवतीची माणसं. फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून संसर्ग पसरवतो, आणि पुढे पाच ते सात दिवस पसरवत राहतो. "आजारी पडलो तर बाळाजवळ जाणार नाही" हा बेत त्या पहिल्या दिवशीच फसतो. घरात प्रत्यारोपण झालेली किंवा केमो चालू असलेली व्यक्ती असेल तर हाच हिशेब तिलाही लागू.

कागदावर प्रत्येक नावापुढे आता तीनपैकी एक खूण करा. क म्हणजे स्वतःलाच जास्त धोका. ख म्हणजे स्वतः ठणठणीत, पण जास्त धोका असलेल्या कुणाच्या रोज संपर्कात. रुग्णालयात किंवा वृद्धांच्या देखभालीत काम करणारे यातच. ग म्हणजे यांपैकी काहीच नाही.

तपासा: स्वतःला "ग" दिलात का? पुन्हा एकदा औषधांचा रकाना वाचा. सर्वांत जास्त चुकीच्या खुणा इथेच होतात.

## टप्पा ५: आता विचारा, उपयोग किती?

ज्या वर्षी लशीतले विषाणू आणि फिरणारे विषाणू चांगले जुळतात, त्या वर्षी डॉक्टरकडे जावं लागेल अशा फ्लूचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. एच३एन२ या प्रकाराचा जोर असलेल्या हंगामात आकडा बहुधा खाली येतो. हा आकडा गोवरच्या लशीसारखा नाही आणि तसा तो कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

पण "५० टक्के" याचा अर्थ लोक चुकीचा लावतात. लस घेतलेल्यांपैकी निम्म्यांना फ्लू होतो, असं ते नाही. समजा, एका हंगामात लस न घेतलेल्या १०० जणांपैकी १० जणांना फ्लू झाला. लस ५० टक्के परिणामकारक असेल, तर तशाच १०० लस घेतलेल्यांपैकी ५ जणांना होईल. हे आकडे केवळ समजण्यासाठी, पण हिशेबाची रीत हीच. त्यातून दोन गोष्टी निघतात. ज्याचा मूळ धोका लहान, त्याचा फायदाही लहान. आणि ज्याला फ्लू होणं म्हणजे रुग्णालय, त्याच्यासाठी निम्मा धोका कमी होणं ही मोठी गोष्ट. शिवाय लस घेऊनही फ्लू झालाच, तर तो गंभीर होण्याची शक्यता कमी राहते. वयस्कर माणसांच्या बाबतीत मी याच फायद्याला जास्त वजन देईन.

दुसऱ्या पारड्यात काय? दंड एक-दोन दिवस दुखणं, कधी हलका ताप आणि अंगदुखी. गंभीर ॲलर्जी दहा लाख डोसांमागे एखाद-दुसरी, आणि ती सहसा काही मिनिटांतच दिसते, म्हणून तिथे थांबवून घेतात.

"लशीनेच फ्लू झाला" हेही इथेच निस्तरू. इंजेक्शनच्या लशीत जिवंत विषाणू नसतो. तिने फ्लू होऊ शकत नाही. टोचल्यावरची कणकण ही शरीराच्या प्रतिकारयंत्रणेची हालचाल असते आणि ती एक-दोन दिवसांत ओसरते. त्यानंतरचा खरा आजार म्हणजे दुसरा एखादा विषाणू, किंवा दोन आठवडे पूर्ण होण्याआधीच झालेला संसर्ग, किंवा न जुळलेला प्रकार.

माझं मत सरळ आहे. "क"ने घ्यावी, "नंतर बघू" न म्हणता. "ख"ने घ्यावी, कारण प्रश्न त्यांचा एकट्याचा नाही. "ग"साठी दोन्ही उत्तरं समंजस असू शकतात. आठवडाभर झोपून राहणं परवडत नाही म्हणून घेणं हे कारण पुरेसं आहे, आणि धोका लहान म्हणून न घेणं हेही. मात्र "न घेण्याचं ठरवलं" आणि "राहून गेलं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कागदावर काय ते लिहा.

## टप्पा ६: तारीख ठरवा

होकार आला तरी अर्धं काम बाकी असतं, कारण फ्लूच्या लशीला वेळेचं गणित आहे. दरवर्षी लागते ती दोन कारणांनी: विषाणू बदलत राहतात, आणि मिळालेलं संरक्षण महिन्यागणिक उतरतं. मागच्या वर्षी घेतलेली लस या वर्षीच्या हिशेबात धरू नका.

जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीत कोणते विषाणू असावेत ते सुचवते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धाच्या येत्या हंगामासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धाच्या पुढच्या हंगामासाठी. समशीतोष्ण प्रदेशांत फ्लू हिवाळ्यात येतो. उष्ण कटिबंधात तो वर्षभर रेंगाळू शकतो, आणि बऱ्याच ठिकाणी पावसाळ्यात किंवा वर्षात दोनदा उसळतो. त्यामुळे परक्या देशातल्या नातेवाइकाने सांगितलेला महिना तुमच्या उपयोगाचा असेलच असं नाही. आपल्या भागात साथ साधारण कधी सुरू होते ते आरोग्य विभागाकडून किंवा डॉक्टरांकडून कळून घ्या आणि त्याच्या किमान दोन ते चार आठवडे आधीची तारीख धरा.

फार आधी घेणंही बरोबर नाही, विशेषतः साठी-पासष्टी ओलांडलेल्यांनी. साथ ऐन भरात येईपर्यंत संरक्षण विरळ होऊ शकतं. दोन अपवाद आहेत. गर्भवती स्त्रीचे दिवस भरत आले असतील तर मुहूर्त बघत बसू नये, लस उपलब्ध असेल तेव्हा घ्यावी. आणि ज्या लहान मुलांना दोन डोस लागतात त्यांनी लवकर सुरुवात करावी.

या दोन डोसांचं प्रकरण नीट समजून घ्या. अनेक देशांच्या शिफारशींनुसार सहा महिने ते आठ वर्षे वयाच्या मुलाला पहिल्यांदाच फ्लूची लस देताना किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस देतात. पहिला डोस शरीराला विषाणूची ओळख करून देतो, भरवशाचं संरक्षण दुसऱ्यानंतर येतं. पालक पहिला देतात, मूल रडतं, दुसरा विसरतात. पहिल्या डोसाच्या दिवशीच दुसऱ्याची तारीख घेऊन या.

साथ सुरू झाली असेल तर उशीर झाला म्हणून सोडून द्यायचं का? नाही. हंगाम महिनोन्‌महिने चालतो आणि एकाच हंगामात एकामागून एक दोन प्रकार येऊ शकतात. त्याच कारणाने या वर्षी फ्लू होऊन गेला असला, तरी बरं झाल्यावर लस घेता येते.

## टप्पा ७: कोणती घ्यायची?

यावर लोक गरजेपेक्षा जास्त वेळ घालवतात. वयाला आणि प्रकृतीला चालणारी जी लस वेळेत मिळते, ती घ्या. तरी चार गोष्टी ठाऊक हव्यात.

तीन प्रकारांची आणि चार प्रकारांची असे दोन शब्द ऐकू येतील. तीनमध्ये ए गटातले एच१एन१ व एच३एन२ आणि बी गटातला व्हिक्टोरिया. चौथा बी-यामागाटा. हा यामागाटा मार्च २०२० नंतर जगात खात्रीने कुठे फिरताना आढळलेला नाही, आणि लशीत तो ठेवण्याची गरज उरलेली नाही असं जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितलं. म्हणून "चारवाली भारी" या समजुतीपायी वाट बघू नका.

६५ च्या पुढच्यांसाठी जास्त मात्रेची लस किंवा प्रतिसाद वाढवणारा घटक घातलेली लस काही देशांत मिळते. वयानुसार शरीराचा प्रतिसाद मंदावतो म्हणून त्या बनवल्या आहेत. मिळत असतील तर विचारा. मिळत नसतील तर साधी घ्या.

नाकात मारायच्या फवाऱ्यात मात्र कमजोर केलेला जिवंत विषाणू असतो. तो दोन वर्षांखालील मुलांना, गर्भवतींना, प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना, ॲस्पिरिन चालू असलेल्या मुलांना देत नाहीत. दमा किंवा घरघर असलेल्या लहान मुलांबाबत आधी डॉक्टरांना विचारावं लागतं. वयाची वरची मर्यादा देशानुसार बदलते.

लहानग्यांच्या मात्रेबद्दल: काही कंपन्यांच्या लशी तीन वर्षांखाली ०.२५ मिली देतात, काहींच्या ०.५ मिली. मात्रा त्या लशीच्या माहितीपत्रकावरून ठरते. "लहान आहे, अर्धीच द्या" असा आग्रह धरू नका.

## टप्पा ८: टोचायच्या दिवशी

कागद सोबत न्या. दंड सहज उघडा होईल असे कपडे घाला. उपाशीपोटी जायची गरज नाही. सुई बघून चक्कर येणाऱ्यांनी तर उपाशी मुळीच जाऊ नये, आणि तसा त्रास असेल तर आधीच सांगून आडवं पडून टोचून घ्यावं. ताप येईल म्हणून आधीच गोळी घेऊन ठेवायचं कारण नाही.

टोचण्याआधी तीन गोष्टी बघा, विचारायला संकोच करू नका. कुपी किंवा सिरिंज थंड साठवणीतून आत्ताच काढली आहे का? लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असते, आणि एकदा गोठलेली लस पुन्हा वितळली तरी निकामीच. मुदत संपलेली नाही ना? आणि वेष्टनावर लिहिलेला हंगाम कोणता? मुदत शिल्लक असलेली पण मागच्या हंगामाची लस, ही इथली सर्वांत सहज नजरेतून सुटणारी चूक.

इंजेक्शन दंडाच्या स्नायूत देतात, तान्ह्या मुलांना मांडीत. खांद्याच्या अगदी टोकाशी सुई टोचली तर सांध्याला इजा होऊ शकते, म्हणून शर्टाची बाही नुसती खाली ओढून खांदा पुढे करू नका. करोनाची किंवा न्युमोकोकल लस त्याच दिवशी घ्यायची असेल तर ती सहसा दुसऱ्या दंडात देता येते.

थांबा: टोचल्यावर पंधरा मिनिटं तिथेच बसा. पूर्वी कशाचीही गंभीर ॲलर्जी झाली असेल तर तीस. अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, श्वासाला त्रास यांतलं काहीही जाणवलं तर घरी जायला उठू नका, लगेच सांगा.

कार्डावर लशीचं नाव, बॅच नंबर आणि तारीख लिहून घ्या, फोनमध्ये फोटो काढा.

## टप्पा ९: पुढचे दोन आठवडे

दंड दुखेल, हात हलता ठेवा. गरज वाटली तर वयानुसार पॅरासिटामॉल चालतं. मुलांना आणि किशोरांना तापासाठी ॲस्पिरिन देऊ नका. फ्लूच्या काळात ॲस्पिरिनमुळे राय सिंड्रोम नावाचा मेंदू-यकृताचा दुर्मिळ पण गंभीर आजार होऊ शकतो. ताप दोन दिवसांपलीकडे टिकला तर तो लशीच्या माथी न मारता तपासून घ्या.

हे चौदा दिवस लस न घेतल्यासारखे वागा. गर्दीत मास्क, हात धुणं, खोकणाऱ्यापासून अंतर, सगळं तसंच.

## टप्पा १०: "नाही" ठरलं असेल तर

नकार दिला असेल, किंवा लस चालतच नसेल, तर आजारपणाचा बेत आधी करून ठेवा. फ्लूवरची विषाणूरोधक औषधं, उदाहरणार्थ ओसेल्टामिविर, लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत सुरू केली तर जास्त उपयोगी पडतात. "क" खूण असलेल्या माणसाने, लस घेतलेली असो वा नसो, सणकून ताप आल्यावर तीन दिवस वाट बघण्यात ही वेळ दवडू नये. पहिल्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. ४८ तास उलटून गेले असले तरी जास्त धोका असलेल्यांनी विचारावं, कारण त्यांना नंतरही औषध दिलं जाऊ शकतं. प्रतिजैविकांचा फ्लूच्या विषाणूवर परिणाम होत नाही. घरात उरलेला जुना कोर्स काढून सुरू करू नका.

धाप लागणं, छातीत दुखणं, ओठ निळसर पडणं, माणूस बरळायला लागणं, लघवी फार कमी होणं, बाळाच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जाणं किंवा बाळाने दूध-पाणी सोडणं, यांपैकी काहीही दिसलं तर थेट रुग्णालयात. ताप उतरून माणूस हिंडायला लागला आणि दोन दिवसांनी पुन्हा जोराने ताप-खोकला उलटला, तर तो अशक्तपणा समजू नका. मागून आलेला न्युमोनिया असाच येतो.

आणि कागद टाकून देऊ नका. मधल्या काळात कुणाला मधुमेहाचं निदान झालं, कुणी गरोदर राहिलं, स्टेरॉइड सुरू झालं किंवा वयस्कर आई-वडील राहायला आले, तर खुणा बदलतात. अशा वेळी हंगाम अर्ध्यावर असला तरी टप्पा ३ पासून पुन्हा सुरुवात करा.